जपानमधला उघडा तास आणि आपली शिक्षण परिषद

इथे जपानमधल्या प्राथमिक शाळांत वर्षातून काही दुपारी एक वर्ग सोडून बाकी सगळ्या मुलांना लवकर घरी सोडतात. शाळेतले सगळे शिक्षक त्या राहिलेल्या एका वर्गात भिंतीला लागून उभे राहतात आणि त्यांच्यातलाच एक जण पुढची ४५ मिनिटं नेहमीचा तास घेतो. पाहणाऱ्यांच्या हातात पॅड आणि पेन्सिल असते, पण नजर शिकवणाऱ्यावर कमी आणि मुलांच्या वह्यांवर जास्त. मुलं घरी गेली की तास-दीड तास त्या एकाच तासावर चर्चा चालते. या सगळ्याला इथे ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणतात, म्हणजे पाठाचा अभ्यास. त्याची मुळं मेइजी काळात, शंभराहून अधिक वर्षं मागे जातात. बाहेरच्या जगाचं लक्ष मात्र १९९५ च्या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान अभ्यासानंतर तिकडे वळलं. त्यात जपान, जर्मनी आणि अमेरिका इथल्या आठवीच्या गणिताच्या २३१ तासांचं चित्रीकरण झालं होतं.

कोल्हापूरच्या गुरुजींना आणि बाईंना हे मुद्दाम कळवायचं कारण असं, की आपल्याकडे शिक्षक एकमेकांना द्यायला मुळीच कंजूष नाहीत. करवीरपासून चंदगडपर्यंत कुठल्याही केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा, दिवसाला दहा पीडीएफ येतात: कृतिपत्रिका, टाचणं (तास कसा घ्यायचा त्याचे लेखी आराखडे), चाचण्या, रंगीत तक्ते. एक गोष्ट त्यात जवळजवळ कधीच नसते, ती म्हणजे ती कृतिपत्रिका हातात पडल्यावर मुलांनी काय केलं. नेमकं तेच इथे सगळ्यात आधी लिहिलं जातं. दुसऱ्या शिक्षकाला तयार पानापेक्षा या नोंदीचा उपयोग कितीतरी जास्त होतो, असं आमचं ठाम मत आहे.

एकाच उदाहरणात खोल जाऊ या: १३ − ९. इथे हा पाठ पहिलीच्या उत्तरार्धात येतो. तास ठरवणारे तीन-चार शिक्षक आधी वेगवेगळ्या प्रकाशकांची पाठ्यपुस्तकं शेजारी ठेवून बघतात, की कोणी कोणत्या संख्येपासून सुरुवात केली आहे आणि का. संख्या सहज म्हणून निवडलेली नसते. १३ मधून ९ काढायचे असले की नऊ दहाच्या इतके जवळ असतात, की मूल आपसूक दहाकडे बघतं: दहातून नऊ गेले, एक उरला, एक आणि तीन चार. तेच १२ − ३ दिलं तर मूल आधी सुटे दोन काढतं, मग दहातला एक. पद्धत दोन्ही चालतील, पण आज कोणती पुढे यावी हे ठरवूनच संख्या घ्यायची. आपल्याकडे फळ्यावर जे सुचेल ते उदाहरण लिहिण्याची सवय आहे आणि मग अर्धा वर्ग बोटं मोजत का बसला हे कळत नाही.

साहित्याचंही तसंच. १३ सुट्या काड्या दिल्या तर मूल नऊ मोजून बाजूला सारेल, उरलेल्या मोजेल आणि चार म्हणेल. उत्तर बरोबर, पण दशकाचा विचार झालाच नाही. दहाचा गठ्ठा आणि तीन सुट्या काड्या दिल्या तर गठ्ठा सोडायचा की नाही, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. तोच पाठाचा गाभा. रबर मात्र सैल लावा. घट्ट रबराशी झटण्यात पाच मिनिटं जातात आणि गणित बाजूला राहतं.

यानंतर येतं ते इथल्या टाचणाचं सगळ्यात मोलाचं काम, मुलांची संभाव्य उत्तरं आधीच लिहून ठेवणं. टाचणात शिक्षकाचे प्रश्न एका रकान्यात, त्यांच्यासमोर मुलांची अपेक्षित उत्तरं आणि त्यापुढे मदत कशी करायची ते. १३ − ९ साठी हा मधला रकाना असा भरतो. कोणी तेरापासून उलटं मोजेल. यातली काही मुलं ‘१३, १२, ११…’ अशी नऊ नावं घेत पाचवर थांबतील आणि पाच हेच उत्तर सांगतील, कारण काढलेली शेवटची काडी आणि उरलेल्या काड्या यांची त्यांच्या मनात गल्लत होते. कोणी नवापासून पुढे दहा, अकरा, बारा, तेरा असं मोजून चार म्हणेल. कोणी आधी तीन काढून दहावर येईल आणि मग सहा काढेल. कोणी दहातून नऊ काढेल. उभी मांडणी आधीच शिकलेलं एखादं मूल तीनातून नऊ जात नाहीत म्हणून नवातून तीन वजा करेल आणि १६ लिहील. हा रकाना रिकामा ठेवून तास घेतला, की वर्गात १६ ऐकल्यावर तोंडातून ‘चूक, बस खाली’ निघतं. आधी लिहिलेलं असलं तर सुचतं: ‘तेरातून काढले आणि सोळा उरले? काड्या घेऊन दाखव बरं.’

तासाची वाटणी साधारण अशी: पाच-सहा मिनिटं प्रश्न समजून घेणं, दहा मिनिटं प्रत्येकाने एकट्याने सोडवणं, वीसेक मिनिटं मुलांच्या पद्धतींची तुलना आणि उरलेल्या वेळात निष्कर्ष व एखादं नवं उदाहरण. एकट्याने सोडवण्याच्या वेळी शिक्षक बाकांमधून बसण्याचा नकाशा घेऊन फिरतो आणि कोणत्या मुलाची कोणती पद्धत ते त्यावर टिपतो. पुढे कोणाला आणि कोणत्या क्रमाने बोलवायचं ते तिथेच ठरतं. आधी मोजणारं मूल, मग दोन टप्प्यांत काढणारं, मग दहातून काढणारं. हात वर करणाऱ्या हुशार मुलाला पहिल्यांदा उभं केलं की चर्चा तिथेच संपते. बाकीची मुलं त्याचं उत्तर उतरवून घेतात.

फळा पूर्ण तासभर पुसत नाहीत. डावीकडे प्रश्न, मधे मुलांच्या पद्धती त्यांच्या नावांसह, उजवीकडे निष्कर्ष. तास संपताना फळ्याचा एक फोटो काढला तर पूर्ण तास त्यात असतो. आपल्या द्विशिक्षकी शाळांत एकच फळा दोन वर्गांना पुरवावा लागतो हे खरं. तिथे मुलांच्या पद्धती जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर जाड मार्करने लिहून घ्याव्यात आणि दोरीला चिमट्याने लावाव्यात. मागच्या बाकावरून वाचता येईल इतकं अक्षर मोठं हवं.

आता पाहणाऱ्यांविषयी, कारण बिघडतं ते बहुतेक इथे. प्रत्येकाला दोन किंवा तीन मुलं नेमून द्यायची. त्या मुलाने काय लिहिलं, काय खोडलं, शेजाऱ्याला काय म्हणालं, केव्हा थबकलं, हे वेळेसह लिहायचं. मुलाला मदत करायची नाही, हसून मान हलवायची नाही, ‘परत बघ’ असंही म्हणायचं नाही. आपल्या प्रेमळ बाईंना हे सगळ्यात जड जातं, पण एकदा सुचवलं की ते मूल स्वतः कुठे अडलं असतं ते कायमचं हरवतं. वीस मुलांच्या वर्गात दहापेक्षा जास्त पाहणारे नकोत. केंद्रातले पस्तीस शिक्षक एकदम आत शिरले तर मुलं पाहुण्यांकडे बघत बसतात. उरलेल्यांनी त्या वेळात टाचण वाचावं आणि तासानंतर वह्या बघाव्यात. आणि हाच पाठ याच मुलांना आधी शिकवून ‘तयारी’ करून घेतली असेल तर पाहायला काही उरत नाही. सराव करायचाच तर दुसऱ्या शाळेतल्या मुलांवर करावा.

चर्चेत शिकवणारा पहिल्यांदा बोलतो: काय ठरवलं होतं, कुठे वेगळं घडलं. मग टाचण बनवणारा गट, मग पाहणारे, आणि शेवटी बाहेरून बोलावलेला जाणकार. एक नियम कडक: प्रत्येक विधान एखाद्या मुलाच्या नोंदीवर उभं हवं. ‘बाई, छान घेतलात तास’ आणि ‘आवाज थोडा मोठा हवा होता’ ही दोन्ही वाक्यं बाद. त्याऐवजी ‘खिडकीजवळच्या मुलीने अकराव्या मिनिटाला गठ्ठा सोडला आणि नऊ काड्या वेगळ्या केल्या, पण उरलेली एक काडी सुट्या तीनमध्ये मिसळायला तिला चार मिनिटं लागली.’ यावर पूर्ण सभा विचार करू शकते. पाठ तिघा-चौघांनी मिळून ठरवलेला असल्यामुळे फसला तर तो सगळ्यांचा फसतो आणि शिकवणाऱ्याला शेऱ्याची धास्ती राहत नाही. आपल्याकडे वर्गात कोणी पाहायला आलं म्हणजे तपासणी, असं मनात घट्ट बसलेलं असतं. म्हणून या दिवशी निरीक्षण वहीत शेरा लिहायचा नाही, हे केंद्रप्रमुखांनी आधीच जाहीर करावं.

यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही, कारण शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची नियमित बैठक, आहेच. शेजारच्या शाळांनी एकमेकींचा आधार व्हावं हा विचार तर आपल्याच मातीतला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) माध्यमिक शाळा आणि तिच्या आसपासच्या प्राथमिक शाळा मिळून शाळासमूह करावा असं सुचवलं, आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि वर्गात मुलं काय बोलतात, कशी विचार करतात हे लिहून ठेवण्याला किती महत्त्व आहे ते दाखवलं. जपानमधून आणण्यासारखी आहे ती फक्त तासाची शिस्त.

परिषदेचा वेळ मात्र जपावा लागेल. ४५ मिनिटं तास, १५ मिनिटं वह्या बघणं, ७५ मिनिटं चर्चा; म्हणजे सव्वादोन तास सलग. नारळ, शाल, प्रास्ताविक आणि सूचनांचं वाचन त्याआधी ठेवलं तर मुलं दमतात आणि चर्चेला वीस मिनिटं उरतात. सूचना कागदावर द्याव्यात. गगनबावडा किंवा शाहूवाडीतल्या दोन शिक्षकांच्या शाळेला दोघांनाही सोडणं जमत नसेल तर त्यांनी आळीपाळीने यावं आणि टाचण बनवण्याच्या बैठका फोनवर कराव्यात. वर्षाला एका केंद्रात असे तीन तास नीट झाले तरी भरपूर. दर महिन्याला करायचा हट्ट धरला की मधला रकाना रिकामा राहू लागतो.

राहिलं ते जपून ठेवणं आणि दुसऱ्याला सापडणं. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेलं चार दिवसांत वर वाहून जातं. केंद्राचं एक सामायिक ड्राइव्ह फोल्डर करावं, त्याची जबाबदारी एकाच शिक्षकाकडे द्यावी आणि फाइलला नाव असं द्यावं: ‘इयत्ता, विषय, घटक, नेमका प्रश्न’. उदाहरणार्थ ‘दुसरी गणित वजाबाकी १३-९’. ‘सुंदर उपक्रम नवीन’ अशा नावाची फाइल कोणालाच पुन्हा सापडत नाही. प्रत्येक तासाचा एकच कागद: वर्गातली मुलं किती, प्रश्न शब्दशः, मुलांच्या प्रत्येक पद्धतीची संख्या (उलटं मोजणारी ७, दहातून काढणारी ५, असं), फळ्याचा फोटो, मुलं अडली ती जागा, आणि पुढच्या वेळी बदलायची एक गोष्ट. फोटोत फळा आणि वह्या घ्याव्यात, मुलांचे चेहरे नकोत. फळ्यावरची आणि वह्यांवरची नावं झाकावीत आणि कागदावर मुलांना अ, ब, क म्हणावं. हा कागद तासाच्या दिवशीच संध्याकाळपर्यंत फोल्डरमध्ये जायला हवा, कारण दोन दिवसांनी लिहिलेल्या नोंदीत मुलांचे शब्द जाऊन शिक्षकाचे शब्द येतात.