आमची वाटचाल : वहीतून भट्टीपर्यंत

नागपूरच्या महाल भागात आमच्या घराजवळ एक जुनी बेकरी होती. दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस तिथे रांग लागायची. घरोघरच्या बाया मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून आणायच्या आणि बेकरीवाले ते मळून नानकटाई भाजून द्यायचे. आजी मला सोबत न्यायची. आमचा डबा ओळखू यावा म्हणून त्याच्या कडीला लाल दोरा बांधलेला असे. भट्टीचं दार उघडलं की तोंडावर गरम वारा यायचा, लांब दांड्याच्या फळीवरून काळे पत्र्याचे ट्रे बाहेर सरकायचे आणि तूप-वेलदोड्याचा वास थेट रस्त्यापर्यंत पसरायचा. आजीला घरी जायची घाई असायची. मला मात्र ते दार आणखी एकदा उघडलेलं बघायचं असायचं. आमचा केक-बिस्किटांचा व्यवसाय कागदोपत्री बराच नंतर सुरू झाला, पण मी त्याची सुरुवात त्या रांगेपासून धरते.

पहिला केक मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना केला. घरात ओव्हन नव्हता. कुकरची रिंग आणि शिट्टी काढली, तळाला जाड मीठ पसरलं, त्यावर जाळी आणि जाळीवर ॲल्युमिनियमचं भांडं ठेवलं. आजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. “काऊन वं, कुकरात पाणी न टाकता काय शिजवून राहिली तू?” केक खालून करपला आणि मधून कच्चा राहिला. कडा मात्र छान फुगल्या होत्या, तेवढ्या तोडून आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या.

माझा विषय केमिस्ट्री. दही आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की बुडबुडे का येतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण ते बुडबुडे केकच्या पिठात धरून ठेवायचे असतात आणि त्यासाठी वेळ फार थोडा असतो, हे त्या कुकरने शिकवलं. सोडा पडल्यावर पीठ दहा मिनिटं ओट्यावर राहिलं तर बराचसा वायू उडून जातो आणि भांडं आधी तापलेलं नसेल तर उरलेलाही वाया जातो. प्रॅक्टिकलच्या वहीत लिहायची सवय होतीच. त्याच सवयीने मी एक दोनशे पानी वही केली. तारीख, काय घातलं, किती वेळ ठेवलं, काय बिघडलं. ती वही आजही आमच्याकडे आहे. तिच्या पहिल्या अकरा पानांवर एकही धड जमलेला केक नाही.

आठवी-नववीच्या मुलांच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून पहिला छोटा ओव्हन आला. त्याच सुमारास मी ब्लॉग लिहायला घेतला, मराठीतून. तेव्हा बेकिंगवर मराठीत जे थोडंफार सापडायचं त्यात ‘अंदाजाने’, ‘मावेल तेवढा मैदा’, ‘बेताचं दूध’ असे शब्द असत. पोळीच्या कणकेला ‘मावेल तेवढं’ चालतं, कारण हाताला कळतं. केकच्या पिठात हात जात नाही. मी वाटीने माप लिहू लागले आणि मला वाटलं, प्रश्न सुटला.

तो कसा सुटला नव्हता, ते चंद्रपूरच्या एका ताईंमुळे कळलं. त्यांनी माझा रवा केक तीन वेळा केला होता आणि तिन्ही वेळा तो मधोमध बसला होता. फोनवर बोलता बोलता मी त्यांना वाटीत पाणी भरून ते औषधाच्या मापाने मोजायला सांगितलं. त्यांची वाटी माझ्या वाटीहून बरीच लहान निघाली. कोरड्या वस्तू त्या वाटीने घेत होत्या आणि दूध मात्र मी लिहिलं होतं तसं मिलिलिटरमध्ये. त्याच आठवड्यात मी सीताबर्डीहून ग्रॅमचा काटा आणला आणि तोवर लिहिलेली प्रत्येक कृती पुन्हा करून, वजनात मांडून लिहिली. चार महिने गेले. परीक्षेच्या अभ्यासाला त्याचा थोडा फटका बसला, पण ते काम मी आजही माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात उपयोगी कामांत धरते.

फोटो बघून ऑर्डरी येऊ लागल्या. आधी गल्लीतून, मग नंदनवन, धरमपेठेतून. पहिल्या वर्षी मी फक्त मैदा, लोणी, साखरेचा हिशोब धरायची. वीज, खोका, पेट्रोल, तीन तासांचं उभं राहणं, यातलं काही किमतीत नसायचं. “घरचंच तर आहे, त्याचे एवढे कशाला?” असं जवळची माणसं म्हणायची आणि मी दहा-वीस रुपये कमी करायची. बाबांनी एका रविवारी समोर बसवून सगळं कागदावर मांडलं. अर्ध्या किलोच्या केकमागे मी पदरचे चाळीस रुपये घालत होते. मला रडू आलं. दुसऱ्या दिवसापासून नवे दर लावले, काही गिऱ्हाइकं गेली, त्यातली बरीच नंतर परत आली. घरात बसून काम करणाऱ्या प्रत्येक बाईला मी हे आवर्जून सांगते : तुमच्या वेळेचे पैसे आधी लिहा, मैद्याचे नंतर.

त्यानंतर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी केली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे उलाढाल वर्षाला १२ लाखांच्या आत असल्याने साधी नोंदणी पुरली, शुल्क तेव्हा वर्षाला १०० रुपये होतं. तो चौदा आकडी क्रमांक पहिल्यांदा खोक्यावर छापून आला तेव्हा आईने तो खोका देवापुढे ठेवला. इथे निम्म्याहून जास्त लोकांचा पहिला प्रश्न असतो, “एगलेस आहे ना?” त्यामुळे ट्रे, बीटर, ब्रश, पातेली सगळं आम्ही तेव्हाच वेगळं केलं. बिनअंड्याच्या भांड्यांना हिरवी पट्टी आहे आणि ती भांडी धुवायची जागाही निराळी आहे. विश्वासाने विचारणाऱ्याला तितकंच खरं उत्तर मिळालं पाहिजे.

आता संत्र्याबद्दल, कारण आमची ओळख त्याच्यामुळेच झाली.

नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. संत्र्याची बर्फी या शहरात घरोघरी माहीत आहे. मला त्याचा केक करायचा होता, इसेन्सची बाटली न उघडता. पण आपलं संत्रं सैल सालीचं. खाणाऱ्याला तीच सोय, सुरीसुद्धा लागत नाही. किसणी लावली की मात्र ती साल आत दबते, फाटते आणि खालचा पांढरा थर किसात येतो. तो कडू लागतो. सालीचा नाद सोडून मी रसाकडे वळले आणि तिथे मोठी ठोकर खाल्ली.

ओळखीच्या घरी साखरपुडा होता. दोन दोन किलोचे दोन केक, तोवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. सकाळी धावपळ नको म्हणून आदल्या रात्रीच पाच डझन संत्री सोलली, फोडी बियांसकट मिक्सरमधून फिरवल्या आणि गाळून फ्रिजमध्ये ठेवल्या. रात्री चाखून बघितलं, रस गोड होता. सकाळी पुन्हा न चाखता तो पिठात ओतला. केक फुगले सुरेख, वरची सजावटही मनासारखी झाली. संध्याकाळी फोन आला. त्या घरच्या काकू आवाज न चढवता म्हणाल्या, “पोरी, दिसायला फार सुंदर आहे गं, पण खाल्ल्यावर जीभ कडू होते. पाहुण्यांनी तसाच ठेवला.” मी पैसे परत केले. त्या रात्री मी भांडीसुद्धा घासली नाहीत.

कारण शोधायला दोन आठवडे लागले. लिंबूवर्गीय फळांत एक घटक असतो, जो अख्ख्या फळात कडू लागत नाही. फळ चिरडलं, पेशी फुटल्या आणि रसातल्या आम्लाशी त्याची गाठ पडली की काही तासांत त्याचं लिमोनिन होतं आणि लिमोनिन कडू असतं. बियांत आणि पांढऱ्या पापुद्र्यात हा घटक भरपूर. म्हणजे रात्री मी चाखला तो रस गोडच होता आणि सकाळी ओतला तो कडूच होता. केमिस्ट्री शिकलेल्या मला हे आधी सुचायला हवं होतं, ही बोचणी अजून जात नाही. वहीत त्या दिवसाच्या पानावर मी लाल पेनाने लिहिलं : रस हाताने पिळणे, बी फुटू न देणे, तासाभरात वापरणे.

मग पुन्हा सालीकडे आले, कारण संत्र्याचा खरा वास सालीतल्या तेलात असतो, रसात तो फार थोडा उतरतो. आता आम्ही किसणी वापरतच नाही. ताजी, घट्ट संत्री निवडायची. साल सोलून उलटी ठेवायची आणि चमच्याच्या कडेने पांढरा थर खरवडायचा. उरलेला पातळ केशरी पापुद्रा अगदी बारीक चिरून मोजलेल्या साखरेत घालायचा आणि बोटांनी चोळत राहायचं. पाच-सात मिनिटांत साखर ओलसर होते, पिवळसर केशरी रंग धरते आणि सगळ्या खोलीत असा वास सुटतो की वरच्या मजल्यावरून आई विचारते, “चोळायला घेतली का?” हीच साखर लोण्यात फेटायची. जाड सालीचे काप तीनदा उकळून तिन्ही वेळा पाणी फेकतो, मगच पाकात घालतो. असं केल्यावर कडवटपणा हवा तेवढाच उरतो.

संत्र्याचे बहार, म्हणजे फळांचे हंगाम, दोन. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात, मृग बहाराची फेब्रुवारीनंतर. मधले महिने आम्ही संत्र्याचा केक करत नाही. गिऱ्हाइकं नाराज होतात, होऊ देत. कळमन्याच्या बाजारात फळ नसेल तर आमच्याकडे केक नाही.

मे महिना हे आमचं दरवर्षीचं संकट. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकतो आणि लोणी बत्तीस-पस्तीस अंशांतच पाघळतं. क्रीमचं काम आम्ही पहाटे चारला सुरू करून आठच्या आत संपवतो. बिस्किटांचं दुखणं वेगळं. पहिल्या उन्हाळ्यात माझी कुरकुरीत बिस्किटं संध्याकाळपर्यंत सादळायची आणि मी लोण्याला, भाजण्याला, डब्यांच्या झाकणांना दोष देत बसले. दोषी होता खोलीतला कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा तो गार वारा माणसाला सुखाचा, पण तो ओलावा घेऊनच येतो आणि साखर तो ओलावा ओढून घेते. तेव्हापासून बिस्किटं निवायच्या खोलीत उन्हाळ्यातही फक्त पंखा असतो. आम्ही घामाघूम होतो, बिस्किटं कोरडी राहतात.

केक पोचवणं हीही एक कला आहे. मार्च २०१९ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि वर्धा रोडच्या ऑर्डरींना नवा जीव आला. सीताबर्डीपर्यंत स्कूटर, पुढे खोका मांडीवर घेऊन गार डब्यात बसायचं. खड्डे नाहीत, ऊन नाही. शेजारी बसलेली मुलं खोक्याच्या झाकणातून आत डोकावायची.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत ऑर्डरी एका दिवसात थांबल्या. मी ब्लॉगवर कढईतली नानकटाई, कणकेचा केक, यीस्टशिवायचा पाव असं लिहीत राहिले, कारण घरोघरी लोक तेच करत होते. पैसे एक रुपयाही आले नाहीत. त्या काळात ज्यांनी या कृती करून बघितल्या, त्यांतली कितीतरी घरं पुढे आमची कायमची गिऱ्हाइकं झाली.

नंतर काम एवढं वाढलं की एकटीने जमेना. आजीच्या खोलीत, ती गेल्यावर, आम्ही दोन मोठे ओव्हन बसवले. गल्लीतल्याच दोन काकू कामाला आल्या. एकीचं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं, ओव्हनला त्यांनी कधी हात लावला नव्हता. त्यांना शिकवायला मला काही नवं तयार करावंच लागलं नाही. माझ्या ब्लॉगवरच्या कृती होत्या, मराठीत, ग्रॅममध्ये, ‘इथे चुकतं’ अशा खुणांसकट. त्याच मोठ्या अक्षरांत छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीवर लावल्या. काकूंनी पहिला केक काट्यावर तोलून केला. मी मुद्दाम बाहेर ओसरीवर बसून राहिले होते. त्यांनी हाक मारली तेव्हा तो मधोमध छान फुगून वर आला होता.

सध्या वहीचा सातवा खंड सुरू आहे. ती ओव्हनशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते आणि तिला पेन दोऱ्याने बांधलेलं आहे. काकूंनी तोवर तिच्यात कधी काही लिहिलं नव्हतं. अक्षर चांगलं नाही, म्हणायच्या. या मोसमातली पहिली संत्री आली त्या दिवशी मी कळमन्याहून परतले तर पान उघडंच होतं. तारखेखाली, ओळ जरा वर चढत गेलेली : “दोन नंबरचा ओव्हन मागून जास्त तापते. ट्रे अर्ध्या टाइमात फिरवणे.”