सिग्नलला थरथरणारी गाडी आणि तीन नंबरचा इंजेक्टर

माझी गाडी २०११ सालची, चार सिलिंडरची, १.६ लिटर पेट्रोल इंजिनाची आहे आणि तिचे ९४ हजार किलोमीटर झाले आहेत. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ती सिग्नलला उभी असताना थरथरू लागली. चालताना काही तक्रार नसे. पण गाडी न्यूट्रलला आणून ब्रेकवर पाय ठेवला, की स्टिअरिंगला बारीक कंप सुटे, आरपीएमचा (मिनिटाला इंजिनाच्या किती फेऱ्या होतात त्याचा) काटा साडेसहाशे ते नऊशे यांच्या दरम्यान वरखाली होई आणि एसी सुरू असला तर इंजिन आता बंदच पडणार असे वाटे. गॅरेजच्या भाषेत, गाडी मिसिंग करत होती, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नव्हते.

ज्या गॅरेजमध्ये ती प्रथम दाखवली, तेथे स्कॅनरही न लावता ‘इंजेक्टर क्लीनिंग’, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणाऱ्या भागाची सफाई, सांगण्यात आले. टाकीत एक बाटली ओतली, थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या भागावर, फवारा मारला आणि बिल हातात दिले. दोन दिवस गाडी बरी वाटली, तिसऱ्या दिवशी पुन्हा थरथर सुरू झाली. त्यानंतर घराजवळच्या एका जुन्या मिस्त्रींच्या मदतीने मी हा दोष पायरीपायरीने शोधला. त्यात इंजेक्टर दोषी निघाला हे खरे, पण तो एकटाच दोषी नव्हता. आणि तो दोषी आहे हे सिद्ध होण्याआधी त्याला हात लावला असता, तर खर्च होऊनही गाडी तशीच राहिली असती. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

हा दोष आयडलिंगलाच, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते सुरू असतानाच, का जाणवतो, हे आधी समजून घ्यायला हवे. इंजिन ८०० आरपीएमवर फिरत असते तेव्हा प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा इंधन जळते. चारही सिलिंडर मिळून हा आकडा १,६०० होतो. एवढ्या आकाराचे इंजिन नुसते उभे असताना तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पेट्रोल घेते असे धरले, तर प्रत्येक वेळी इंजेक्टरमधून सुटणारे पेट्रोल जेमतेम ०.००८ ते ०.०१ मिलिलिटर भरते. पाण्याचा एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा असतो, म्हणजे हा त्याचा पाचवा-सहावा भाग झाला. तेवढे पेट्रोल सोडण्यासाठी इंजेक्टरची सुई दोन-तीन मिलिसेकंदच उघडते. इतक्या लहान मापात थोडीशी तूटही मोठी ठरते. रस्त्यावर आरपीएम चढले, की पेट्रोलही वाढते, हवाही वाढते, फ्लायव्हील या जड फिरत्या चाकाचा जोरही मदतीला येतो आणि तीच तूट झाकली जाते.

हवेचेही तसेच आहे. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधला) दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या एक तृतीयांशाच्या आसपास उतरतो. अशा वेळी एखाद्या पाइपला केसाएवढी चीर असली, तरी तेथून हवा जोराने आत खेचली जाते. ही हवा तिचे माप घेणाऱ्या एअर फ्लो सेन्सरला चुकवून आलेली असल्याने इंजिनाचा कंप्युटर तिच्या हिशेबाचे पेट्रोल सोडत नाही आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. मिस्त्रीमंडळी याला ‘एअर घेते’ म्हणतात, आणि मिसिंगच्या गाड्यांत मी पहिला संशय त्यावरच घेईन.

माझ्या गाडीत तसेच निघाले. ब्लूटूथने मोबाइलला जोडता येणारा एक छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे दाखवणारे यंत्र) मी विकत घेतला आणि त्यावर ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ हा आकडा पाहिला. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ आहे की घट्ट हे सांगतो आणि त्यावरून कंप्युटर ठरलेल्या मापापेक्षा किती पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, ते या टक्केवारीत दिसते. शून्याच्या अलीकडे-पलीकडे पाच टक्क्यांपर्यंत असेल तर फारशी काळजी नसते. माझ्या गाडीत आयडलिंगला तो अधिक १९ होता आणि अडीच हजार आरपीएमवर अधिक १० पर्यंत उतरत होता. हा उतार फार बोलका असतो. हवेची गळती ठरावीक असते, त्यामुळे इंजिनाची एकूण हवा वाढली की तिचा वाटा कमी होतो आणि ट्रिम खाली येतो. याउलट पंप कमजोर असेल किंवा फिल्टर तुंबला असेल, तर पेट्रोलची मागणी वाढेल तसा ट्रिम वर चढतो. एक पथ्य मात्र पाळावे: ज्या गाड्यांत हवा थेट न मोजता मॅनिफोल्डच्या दाबावरून तिचा हिशेब होतो, त्यांत गळती असली तरी ट्रिम फारसा हलत नाही, नुसते आयडलिंग चढते. आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे ठाऊक असल्याशिवाय या आकड्यांचा अर्थ लावू नये.

गळती शोधण्याची मिस्त्रींची रीत साधी होती. हातभर रबरी नळीचे एक टोक कानाला लावून दुसरे टोक ते एकेका सांध्याजवळून फिरवत गेले आणि मॅनिफोल्डच्या मागच्या अंगाला थांबून त्यांनी नळी माझ्या हातात दिली. तेथे स्पष्ट सूं असा आवाज येत होता. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातली, वाफ परत इंजिनात नेणारा पीसीव्हीचा वाकडा पाइप तेलाने फुगून मऊ झाला होता आणि त्याच्या खालच्या बाजूला, वरून डोळ्यांना न दिसणारी, बोटभर चीर होती. त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारताच इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला, तेव्हा शंका उरली नाही. काही जण या कामासाठी कार्ब क्लीनर फवारतात किंवा अगरबत्तीचा धूर वापरतात; तापलेल्या इंजिनाजवळ आणि पेट्रोलच्या पाइपांशेजारी हे दोन्ही प्रकार मी कोणालाही करू देणार नाही.

पाइप बदलल्यावर दोन दिवसांत आयडलिंगचा ट्रिम ९ वर आला, काट्याचे वरखाली होणे थांबले, पण एक लयबद्ध धक्का उरला. तो एकाच सिलिंडरचा असणार हे मिस्त्रींनी नुसत्या आवाजावरून सांगितले. इंजिन सुरू ठेवून आम्ही एकेका इंजेक्टरचे कनेक्टर काढून पाहिले. एक, दोन आणि चार नंबरचे कनेक्टर काढताच इंजिन क्षणभर ढासळे. तीन नंबरचे काढले तेव्हा त्या मानाने फारच थोडा फरक पडला. “सर, तीन नंबर कमी ओढतोय,” एवढेच ते म्हणाले. ही चाचणी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) काढून करू नये, कारण मग ठिणगीविना सोडलेले पेट्रोल न जळता धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते आणि तो महागडा भाग जळून निकामी होऊ शकतो. इंजेक्टरचे कनेक्टर काढले, की त्या सिलिंडरचे पेट्रोलच थांबते.

तरीही इंजेक्टरवर शिक्का मारण्याची घाई आम्ही केली नाही. तीन नंबरची कॉइल आणि प्लग एक नंबरला लावले आणि एक नंबरचे तीनला. दोष तीनमध्येच राहिला. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, जवळजवळ सारखे भरले, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या रिंगा ठीक होत्या. प्लग मात्र पाहण्यासारखे होते: तीन नंबरचा जवळपास पांढरा, बाकीचे तीन किंचित काळसर. चारही सिलिंडरचा धूर एकाच ऑक्सिजन सेन्सरवरून जातो. एक सिलिंडर उपाशी असला, की सेन्सरला सरासरी पातळ दिसते आणि कंप्युटर चौघांचेही पेट्रोल वाढवतो. त्यामुळे उपाशी सिलिंडर थोडासा सावरतो आणि धडधाकट तिघांना उगाच जास्त मिळते. ॲव्हरेज घसरण्याचे कारणही येथेच असते.

आता इंजेक्टर काढणे आले. पेट्रोलच्या रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, साधारण तीन बार दाब असतो आणि इंजिन बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकतो, म्हणून थंड इंजिनावर फ्युएल पंपाचा रिले (त्याची वीज जोडणारा स्विच) काढून गाडी सुरू केली, ती आपोआप बंद पडू दिली, पुन्हा दोनदा सेल्फ मारला आणि मग बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडले. काम उघड्यावर केले आणि आग विझवण्याचा सिलिंडर हाताशी ठेवला. हे नसेल तर हे काम घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इंजेक्टरच्या बुडाशी वर्षानुवर्षांची माती साचलेली असते. ती हवेने उडवून मगच रेल उचलावी, नाहीतर ती सरळ व्हॉल्व्हवर जाऊन पडते.

चारही इंजेक्टरचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर १२ ते १३ ओहमच्या दरम्यान आला, म्हणजे आतली विजेची गुंडाळी शाबूत होती. मग ते टेस्ट बेंच, म्हणजे इंजेक्टर तपासण्याचे यंत्र, असलेल्या एका केंद्रात नेले. तेथे जे पाहिले ते प्रत्येक गाडीमालकाने एकदा पाहावे असे मला मनापासून वाटते. चार उभ्या काचेच्या नळ्या, त्यांवर मापाच्या रेघा आणि वर रांगेत बसवलेले चार इंजेक्टर. यंत्र आयडलिंगच्या तालावर सुरू झाले आणि तीन इंजेक्टरांतून धुक्यासारखा, निमुळत्या शंकूच्या आकाराचा फवारा उतरू लागला. तीन नंबरमधून मात्र एक बारीक धार एका कडेला झुकून पडत होती आणि काचेवरून ओघळत होती. ठरलेल्या वेळानंतर नळ्यांतली मापे होती ६२, ६१, ५० आणि ६१ मिलिलिटर. एका इंजेक्टरची तूट १८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चौघांच्या सरासरीत साडेचार-पाच टक्के. स्कॅनरवरच्या ९ पैकी निम्म्या आकड्याचा हिशेब त्या काचेच्या नळीत डोळ्यांसमोर लागला.

चिमट्याने इंजेक्टरच्या डोक्यातली शेंगदाण्यापेक्षाही लहान जाळी काढली, तर तीत तांबूस, गंजासारखा बारीक गाळ बसला होता. सुईच्या टोकाशी चिकट तपकिरी थर होता. तो कसा बसतो हेही समजण्यासारखे आहे. इंजिन बंद केले, की टोकावर उरलेले पेट्रोल इंजिनाच्या उष्णतेने उडून जाते आणि त्यातला जड भाग डिंकासारखा मागे राहतो. माझे ऑफिस घरापासून चार किलोमीटरवर आहे; दिवसातून चार-पाच वेळा गाडी अर्धवट तापून बंद होते आणि दर वेळी एक पुट चढते. चांगले डिटर्जंट असलेले अ‍ॅडिटिव्ह असा कोवळा थर काही प्रमाणात सोडवू शकते, हे मी नाकारत नाही. पण जाळीत अडकलेला गाळ बाटलीतल्या औषधाने कोठे जाणार? तो काढायला इंजेक्टर उतरवावाच लागतो.

इंजेक्टर अल्ट्रासोनिक टाकीत, विजेच्या स्पंदनांनी उघडझाप करत ठेवले. अर्ध्या तासाने पुन्हा बेंचवर लावले तेव्हा मापे आली ६२, ६२, ६० आणि ६१, आणि तिसऱ्याचा फवाराही इतरांसारखा पसरला. दाब देऊन पण उघडझाप न करता एक मिनिट ठेवल्यावर एकाही टोकाला थेंब जमला नाही. ही गळतीची तपासणी मागून घ्यावी, बरेच जण ती करत नाहीत. नव्या जाळ्या आणि पेट्रोलला टिकणाऱ्या रबराच्या नव्या ओ-रिंगा पुण्यात नाना पेठेत सहज मिळाल्या. ओ-रिंगांना इंजिन ऑइलचे बोट लावून इंजेक्टर सरळ दाबून बसवले, किल्ली नुसती ऑन करून पंपाला दाब भरू दिला, प्रत्येक सांधा बोटाने आणि नाकाने तपासला आणि मगच सेल्फ मारला.

आता आयडलिंगचा ट्रिम अधिक ४ वर स्थिर आहे. तो शून्यावर न येण्याचे कारण मला तरी पेट्रोलमधल्या इथेनॉलमध्ये दिसते. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५ भागच लागते, म्हणजे तेवढ्याच हवेत जास्त इंधन सोडावे लागते. फेब्रुवारी २०२३ पासून हे ई-२० पेट्रोल पंपांवर येऊ लागले. त्याआधीच्या गाड्यांत ट्रिम थोडा वर दिसला, तर लगेच बिघाड समजू नये. इथेनॉल पाणीही धरून ठेवते आणि टाकीतला जुना मळही सोडवते. जाळीतला तांबूस गाळ कदाचित तेथूनच आला असेल, म्हणून टाकीच्या आतला फिल्टरही याच वेळी बदलून घेतला.

ज्यांच्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडले जाते, त्यांनी हे घरगुती काम करू नये. तेथे दाब शंभर बारच्या पुढे असतो आणि दोषही बहुधा इनटेक व्हॉल्व्हवर साचलेल्या कार्बनचा निघतो, ज्याला इंजेक्टरची सफाई लागू पडत नाही.

सिग्नलला आता काटा ७५० वर उभा राहतो. एसी सुरू केल्यावर सीटला अजून किंचित कंप जाणवतो, पण आवाज एकसारखा आहे आणि ट्रिमही हलत नाही. इंजिन ज्यावर टेकते त्या उजव्या माउंटिंगचे रबर बसले आहे असे मिस्त्रींचे म्हणणे आहे. जॅक लावून पाहिले तेव्हा त्यात चीर दिसली. ते पुढच्या रविवारी बदलणार आहे.