सगळे बरे झाल्यावर करू

७ जानेवारी २०२६, बुधवार

मोठीचा खोकला जरा कमी झाला म्हणेपर्यंत छोट्याचं नाक गळायला लागलं. दिवाळी झाल्यापासून आमच्याकडे हेच चालूये, एक उठतो एक झोपतो, आणि मधे गॅप मिळाली की सासूबाईंचे गुडघे धरतात. बाहेरगावचे लोक म्हणतात नाशिकची थंडी म्हणजे काय मजा, हो ना, पहाटे दहा अंशांच्या आसपास आणि दुपारी अठ्ठावीस-एकोणतीस, म्हणजे सकाळी स्वेटर, टोपी, मोजे घालून पाठवलेली पोरगी दुपारी घामाघूम होऊन स्वेटर कमरेला बांधून उतरते आणि टोपी बसमध्येच राहते. त्यात कुंभमेळ्याची कामं. मेळा २०२७ चा, पण रस्ते आत्तापासून खोदलेत, गॅलरीचा कठडा सकाळी पुसला तरी संध्याकाळी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. डॉक्टर म्हणतात व्हायरल, आई, म्हणजे सासूबाई, म्हणतात धूळ, नवरा म्हणतो बसमधल्या पोरांकडून घेऊन येते. मला तिघांचंही पटतं, त्याने नाक गळायचं थांबत नाही ही गोष्ट वेगळी.

चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नका असं सरकारने २०२४ मध्येच सांगितलंय. आमची बस मात्र सव्वासातला येते. पालकांच्या मीटिंगला विचारलं तर बसचं गणित बसत नाही म्हणे. सीनियर केजीतल्या मुलीला अंधारात उठवून, झोपेतच दात घासून, अर्धा कप दूध पाजून खाली नेताना रोज हे बसचं गणित आठवतं.

नवीन वर्षाच्या सीएल, म्हणजे किरकोळ रजा, खात्यात पडल्या आणि लगेच कापायलाही सुरुवात झाली. पतसंस्थेत मार्च एंडला सुट्टी मागायची सोय नाही, म्हणून जपून वापरायच्या असं दरवर्षी ठरतं. नवऱ्याची अंबडच्या फॅक्टरीत शिफ्ट, फर्स्ट असली की दुपारनंतर तो, सेकंड असली की सकाळी तो, नाईट असली की कोणीच नाही, कारण दिवसा तो झोपलेला असतो आणि पोरं त्याच्या अंगावर चढत असतात.

११ जानेवारी, रविवार, म्हणजे खरं तर सोमवारची पहाट

छोट्याला काल रात्री १०२ ताप. फ्रीजवर आम्ही एक कागद चिकटवलाय, त्यावर डॉक्टरांकडून विचारून मोठ्या अक्षरात लिहिलंय: छोटा साडेनऊ किलो, २५० वालं औषध अडीच एमएल, मोठी सतरा किलो, २५० वालं पाच एमएल, परत द्यायचं तर निदान सहा तासांनी. कारण पॅरासिटामॉलच्या बाटल्या १२५ च्या पण येतात, २५० च्या पण येतात, रंग तसाच, चव तशीच, आणि रात्री अडीचला लहान अक्षर वाचायचं डोळ्यांत बळ नसतं. त्या कागदाखाली वहीचं पान लावलंय, ज्याने औषध पाजलं त्याने वेळ लिहायची. ही आयडिया नवऱ्याची, फॅक्टरीतल्या लॉगबुकासारखी. हँडओव्हर पण तसाच होतो, दारात बूट काढता काढता, "किती वाजता दिलंय, लघवी झाली का, खाल्लं का काही?" बाकी नवराबायको म्हणून बोलणं या महिन्यात फारसं झालेलं नाही.

ताप उतरला तरी श्वास जरा जोरात वाटत होता. डॉक्टरांनी शिकवलंय, शांत झोपलेला असताना अंगातला शर्ट वर करायचा, मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावायचा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजायचं. एक वर्षाच्या वरच्या बाळाचं मिनिटाला चाळीस किंवा जास्त झालं, किंवा श्वास घेताना छातीची खालची बाजू आत ओढली जायला लागली, तर सकाळची वाट बघायची नाही. तर मी आणि नवरा टॉर्च भिंतीकडे धरून त्याच्या पोटाकडे बघत बसलेलो. त्याचं पोट म्हणजे एवढंसं, बेंबी बाहेर आलेली, मधेच हुंदका दिल्यासारखा एक श्वास मोठा घेतो की मोजणी चुकते. नवरा कुजबुजत मोजत होता आणि मी पण मनात मोजत होते, त्याचे आले छत्तीस आणि माझे अडतीस. परत मोजलं. चौतीस. मग तो म्हणाला, झोप तू, मी बसतो. मी आडवी झाले पण झोप कुठली, त्याच्या श्वासाबरोबर माझाच श्वास लागत होता.

साडेपाचला आबांचा फोन, "उतरला का रे ताप?" आबा निफाडजवळ द्राक्षबागेत असतात. थंडी वाढली की त्यांची पण रात्र जागीच जाते, मण्यांत गोडी उतरायच्या वेळेला पारा खाली गेला की मणी तडकतात, मग पहाटे बागेत शेकोट्या करायच्या, ठिबकने पाणी सोडायचं. निफाडचा पारा रोज पेपरात छापून येतो, लोक वाचून अरे वा म्हणतात, आबांना मात्र तो आकडा वाचून झोप येत नाही.

१३ जानेवारी, भोगी

तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी. वांगी, गाजर, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, सगळं आईंनीच निवडलं, मी फक्त भाकऱ्या थापल्या. मोठीने पावटे ताटाच्या कडेला लायनीत लावून ठेवले. छोटा भाकरीचा पापुद्रा लोण्यात बुडवून चोखत बसला. तीन दिवसांनी काहीतरी पोटात गेलं.

जेवताना बोरन्हाणाचा विषय निघाला. गेल्या संक्रांतीला छोटा जेमतेम दोन महिन्यांचा होता म्हणून केलं नव्हतं. पहिलंच आहे, यावर्षी करायचंच. जावेने हलव्याचे दागिने पाठवलेत, मुकुट, हार, बाजूबंद, बासरीसुद्धा. आई म्हणाल्या, सगळे बरे झाल्यावर करू. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं हे खरं, पण मी कॅलेंडर बघितलं तर यंदा रथसप्तमी २५ जानेवारीलाच. गेल्या वर्षी फेब्रुवारीत होती. म्हणजे यावर्षी मधे दिवसच कमी, आणि त्यातला पहिला रविवार तर लगेच येतोय.

१५ जानेवारी, गुरुवार

आज करीदिन. करीदिनाला काही शुभ करत नाहीत म्हणून आई सकाळपासून सगळ्यांना बजावतायत आणि नेमकं आजच महापालिकेचं मतदान. आई तरीही मफलर गुंडाळून पहिल्या तासात मतदान करून आल्या. त्याला चालतं म्हणे.

सुट्टी होती म्हणून मला वाटलं जरा पडता येईल, तर मोठीचा ताप परत. मला स्वतःलाही कालपासून कसकस आहे, पण आईच्या तापाला या घरात थर्मामीटर लागत नाही, चहात आलं जरा जास्त पडतं एवढंच. हे मी आईंना बोलले तर त्या म्हणाल्या, "अगं आमच्या वेळी आलं पण आम्हीच किसायचो." बरोबर आहे. थोड्या वेळाने त्यांनीच आलं किसून चहा दिला, वर कपाळाला हात लावून बघितला आणि काही न बोलता छोट्याला उचलून त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. मी दीड तास झोपले. या महिन्यातली सगळ्यात चांगली झोप.

१८ जानेवारी, रविवार

बोरन्हाण नाही झालं. आज आईंना ताप.

आईंचं आणि डॉक्टरांचं भांडण हा आमच्या घरातला चालू विषय आहे, फक्त दोघं समोरासमोर कधी येत नाहीत, निरोप मी पोचवते. आईंची यादी: ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती-पाठ शेकायची, तळपायाला वेखंड, सुंठ-गूळ-तुपाची गोळी, आणि संध्याकाळी निखाऱ्यावर ओवा नि लसणाची सालं टाकून धुरी. डॉक्टर म्हणाले पुरचुंडी चालेल, आधी स्वतःच्या गालाला लावून बघा. सुंठ-गूळ मोठीला चालेल. मध दोघांनाही चालेल, एक वर्षाच्या आत द्यायचा नसतो, छोट्याचं वर्ष झालंय. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाफ द्यायची नाही, पोरं भाजतात. आणि धूर अजिबात नाही. धुरीचं नाव काढल्यावर आई नाराज झाल्या, बागेत आबा एवढा धूर करतात तो चालतो का म्हणाल्या. नवरा म्हणाला, "आई, द्राक्षांना दमा होत नाही." आई हसल्या, मग त्यांनाच खोकल्याची उबळ आली.

खोकल्याचं औषध मात्र आता कुणीच मागत नाही. गेल्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची बातमी आली, कफ सिरपमध्ये विषारी डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, लहान लहान मुलांच्या किडन्या गेल्या, कितीतरी मुलं दगावली, त्या दिवशी मी कपाट उघडून जुन्या बाटल्या सगळ्या बाहेर काढल्या. त्यानंतर सरकारनेही सांगितलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं द्यायची नाहीत, पाचच्या आत सहसा नाहीच. डॉक्टर तर आधीपासून म्हणत होते, खोकला औषधाने जात नाही, दिवसांनी जातो, दोन-तीन आठवडे घेतो. अँटिबायोटिक पण दिलं नाही, व्हायरलला त्याचा उपयोग नाही म्हणाले. आधी मला वाटायचं पाचशे रुपये फी देऊन रिकाम्या हाताने काय यायचं, आता वाटतं जो डॉक्टर काही न लिहिता समजावून परत पाठवतो त्याला धरून राहावं.

त्यांना मी विचारलं, हे नॉर्मल आहे का हो, सारखं सारखं? तर म्हणाले या वयात वर्षाला सहा-आठ सर्द्या होतात आणि त्यातल्या बऱ्याचशा थंडीत. मी तिथेच हिशोब केला. दोन पोरं, प्रत्येकी सहा-आठ, प्रत्येकीचा खोकला दोन-तीन आठवडे, वर घरातली मोठी माणसं. म्हणजे सगळे एकदम बरे असा दिवस थंडीत येणारच कुठून. इतके दिवस आम्ही ज्याची वाट बघत होतो ती तारीख कॅलेंडरमध्ये नाहीच.

२१ जानेवारी, बुधवार

मोठी आज घरीच. खोलीतून आवाज येत होता म्हणून डोकावले तर बाहुलीचा फ्रॉक वर केलेला, हातात माझा जुना मोबाइल, "एक, दोन, तीन, चाळीस. ॲडमिट." मग बाहुलीला उशीवर झोपवून माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा, आजी आत येऊ शकतात." हे कुठून शिकली काय माहीत, आम्ही ॲडमिट कधी झालोच नाही, देव करो आणि होऊही नये. हसू आलं आणि जरा पोटात कालवलं पण. आपण रात्री कुजबुजत मोजतो तेव्हा पलीकडच्या गादीवर ही जागी असते.

संध्याकाळी ठरवून टाकलं, रविवारी बोरन्हाण, ज्याला जे होत असेल त्याच्यासकट. मला वाटलं आई ऐकणार नाहीत, पण त्या लगेच ऊस कुठून आणायचा यावर आल्या. प्रश्न होता दुसऱ्यांच्या पोरांचा, आपल्या घरची सर्दी त्यांना वाटायची का. म्हणून बिल्डिंगच्या ग्रुपवर सरळ लिहिलं: छोट्याला ताप नाही, पण नाक वाहतंय आणि मोठीला खोकला आहे, ज्यांना चालेल त्यांनी यावं, नाही आलात तर अजिबात राग नाही. पाच मिनिटांत पहिल्या मजल्यावरून रिप्लाय, "आमचं पण वाहतंय, येतो." दुसरा, "आमच्याकडे फक्त खोकला, चालेल का?" मग एकीने तर रुमाल आणा असा स्टिकर टाकला. तिसऱ्या मजल्यावरच्या एकीच्या घरी दोन महिन्यांचं बाळ आहे, ती नाही म्हणाली, ते योग्यच, तिच्याकडे खाऊ पाठवायचा.

२५ जानेवारी, रथसप्तमी

झालं एकदाचं. नवऱ्याची नाईट संपवून तो सकाळी येताना रविवार कारंज्यावरून बोरं आणि उसाचे करवे घेऊन आला. आईंनी शेंगा बाजूला काढायला लावल्या, चार-पाच वर्षांच्या आतल्या पोरांना शेंगदाणा घशात अडकू शकतो हे डॉक्टरांचं त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं होतं. बोरं फक्त मोठ्या पोरांनी उचलायची असा नियम केला, लहानांसाठी चुरमुरे, बत्तासे आणि मऊ खाऊ. खरं म्हणजे एरवी बोरं खाऊन खोकला होतो म्हणून ओरडायचं आणि आज तीच डोक्यावरून ओतायची, पण हा मुद्दा मी काढला नाही.

पाटावर काळं झबलं घालून छोट्याला बसवलं. मुकुट घातला तो त्याने काढला, परत घातला, परत काढला, शेवटी मोठीने स्वतःच्या डोक्यावर ठेवला तेव्हा त्याला हवा झाला. औक्षण करताना ज्योतीकडे टक लावून बघत होता, नाकातून धार लागलेली, मी पुसायला हात पुढे केला तर फोटोवाला नवरा म्हणतो थांब थांब, हात मधे येतोय. असू दे म्हटलं, नाकासकट येऊ दे फोटो. मग आईंनी वाटी डोक्यावर उपडी केली, चुरमुरे पाठीवरून घरंगळले, आणि सात-आठ पोरं खोकत, शिंकत, एकमेकांच्या अंगावर पडत सतरंजीवर तुटून पडली. छोटा आधी दचकला, ओठ काढला, रडणार असं वाटेपर्यंत त्याला हातातल्या बाजूबंदाचा हलवा सापडला. चाटून बघितला. मग पाऊण तास तो पाटावरून हलला नाही, लोक आले गेले, हा आपला बाजूबंद चोखतोय. दोरा राहिला फक्त. जावेला फोन करून सांगितलं, दागिने पुढच्या वर्षी परत देणार होतो, आता मुकुट आणि बासरीच मिळेल.

आबा व्हिडिओ कॉलवर होते, बागेतूनच. थंडी जरा ओसरलीये म्हणाले.

आत्ता रात्रीचे साडेनऊ. छोट्याचा ताप बघितला, नाहीये. आईंनी उरलेले चुरमुरे भडंगासाठी डब्यात भरले, मुकुटाला मुंग्या लागू नयेत म्हणून तो फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्यावर ठेवलाय. उद्या मोठीचं झेंडावंदन, साडेसातला शाळेत, आणि पांढरा युनिफॉर्म अजून बाहीकडे ओलाच आहे, इस्त्री फिरवून वाळवते.