नाका डक्टने आणले नाकी नऊ

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर मी ऑर्डर घेऊन मोटारींची मॉडेलं बनवतो. गेल्या आषाढात आलेलं काम वरवर सोपं होतं. तामियाची १/२४ मापाची निसान स्कायलाइन जीटी-आर, आर३४ व्ही-स्पेक टू, आणि तिचं बॉनेट कार्बन फायबरचं दिसायला हवं. गिऱ्हाईक म्हणजे मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत फायबरच्या टाक्या बनवणारे एक काका. मॉडेल नातवासाठी.

कार्बन दाखवायला तिरप्या विणीचं, म्हणजे ट्विल छापलेलं वॉटरस्लाइड डेकल (पाण्यात भिजवून सरकवत बसवायची पातळ छापील फिल्म) लावतात. सपाट भागावर ते कुणीही लावेल. पण २००० साली आलेल्या या गाडीच्या बॉनेटवर नाका डक्ट आहे. पुढे निमुळता, मागे रुंद होत जाणारा, धारदार कडांचा हवेचा खड्डा. ज्या अमेरिकन नाका संस्थेची १९५८ साली नासा झाली, तिचं नाव त्याला. मला त्या दिवशी नावाचा मराठी अर्थ कळला.

बॉनेटवर मास्किंग टेप लावून कडा पेन्सिलीनं उठवल्या, टेप सोडवून त्यावरून डेकल कापलं. भोवती दोन मिलिमीटर माया ठेवली. (हा शब्द आईचा, ती ब्लाउज शिवायची.) खाली चकचकीत काळा रंग आधीच वाळवून ठेवला होता, कारण खरखरीत रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात. पाणीसुद्धा फिल्टरचं, नळाच्या पाण्यानं पांढरे ओघळ राहतात.

बॉनेट झकास झाकलं गेलं. खड्ड्यावर मात्र डेकल ढोलकीच्या पुडीसारखं ताणून बसलं. मी मार्क सॉफ्टर, म्हणजे डेकल मऊ करणारं द्रव लावलं. ते लावलं की डेकल आधी सुरकुततं आणि मग आपसूक खाली बसतं. तोवर हात लावायचा नाही, हे मी दुसऱ्यांना बजावून सांगतो. दहा मिनिटांनी मीच इयरबडनं दाबलं. डक्टच्या टोकापासून टरकन फाटलं.

एकच शीट उरली होती. तेवढ्यात निथळती छत्री घेऊन काका जिना चढून आले. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फाटका भाग बराच वेळ पाहिला.

"ताणतोस कशाला रे? आम्ही साच्यात कापड ताणत नाही. खोल कोपऱ्यात ताणलेलं कापड अधांतरी राहतं, खाली पोकळी. तिथे काप द्यायचा नि जोड धारेवर आणायचा."

"पण काका, जोड दिसेल ना."

"धारेवर कोण बघतंय? चालशे."

फाटकं डेकल सेलोटेपनं उचटून काढलं. मग आधी डक्टचा फक्त तळ, वेगळा तुकडा. दोन बाजूंच्या भिंतींना बारीक पट्ट्या. शेवटी वरचा मोठा तुकडा, डक्टच्या तोंडाशी चिरलेला, चिरलेल्या कडा जेमतेम धारेवरून आत वळवलेल्या. खरा घोळ तिरप्या रेघांचा. तळातल्या रेघा वरच्या रेघांना समांतर हव्यात, नाहीतर कितीही सफाईनं लावलं तरी ठिगळच दिसणार. तळाचा तुकडा तीनदा पाण्यावर तरंगवून फिरवला. सॉफ्टर लावल्यावर दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. काका हसत होते.

तासाभरानं त्यांनी भिंग मागितलं. "वीण मोठी आहे रे ही."

मोठीच आहे. नेहमीच्या ३के, म्हणजे एका पट्ट्यात तीन हजार तंतू असलेल्या कार्बन कापडातला धाग्यांचा पट्टा साधारण दोन मिलिमीटर रुंद असतो. चोवीस पटींनी लहान केला तर ०.०८ मिलिमीटर, म्हणजे डोळ्यांना नुसतं करडं दिसणार. ते सांगितलं, आणि ओघात हेही सांगून बसलो की कारखान्यातून येताना या गाडीच्या कार्बन बॉनेटवर बाहेरून बॉडीचाच रंग असायचा.

काका भिंग खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे आता यावर रंग मारणार?"

"नाही हो! फक्त पारदर्शक क्लिअर. तोही पाऊस उघडल्यावर, दमट हवेत लॅकर पांढरं पडतं."

"मग नातवाला काय सांगू?"

"पुढच्या आठवड्यात."

काका छत्री घेऊन उतरले. पाऊस अकरा दिवस उघडला नाही.