धुराची तक्रार करण्याआधी झोन दाखला काढा

सांगलीत आमच्या गल्लीत बेकरी सुरू झाली तेव्हा कुणाचीच तक्रार नव्हती. खारी-टोस्टचा वास कुणाला नको असतो? पण पुढे मालकाने भट्टीत फर्निचरच्या कामातलं प्लायवूडचं भंगार घालायला सुरुवात केली. त्या तुकड्यांना सनमायका, डिंक, पॉलिश सगळं चिकटलेलं असतं. त्याचा धूर घशात बसतो आणि डोळे चुरचुरतात. दोरीवरच्या कपड्यांवर काळी भुकटी पडायची. झटकली तर निम्मी निघे, बोटाने पुसली तर तेलकट डाग पसरे. थंडीत धूर वर चढतच नाही, घरांमध्येच साचून राहतो. सासूबाईंना दमा आहे. डिसेंबरच्या रात्री त्या उशीला टेकून बसून काढायच्या, ते बघवत नव्हतं.

आधी तोंडी सांगून पाहिलं. मग अर्ज घेऊन फिरले. एका कार्यालयात ऐकवलं गेलं, "बाई, वास कशाने मोजायचा?" चीड आली, पण प्रश्न अगदीच खोटा नव्हता. आपल्या देशात वासासाठी आकड्यातली कायदेशीर मर्यादाच नाही.

वाट दाखवली ओळखीच्या एका निवृत्त ओव्हरसीअर काकांनी. ते म्हणाले, "धूर मोजत बसू नका. त्या जागेवर काय चालवायला परवानगी आहे, ते आधी कागदावर आणा."

नगररचना विभागात सिटी सर्व्हे नंबर देऊन झोन दाखला, म्हणजे जागा कोणत्या विभागात मोडते ते सांगणारा कागद, आणि त्या भागाचा नकाशा मागितला. नकाशात आमची गल्ली पिवळी, म्हणजे रहिवास विभाग. मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला 2020 पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात रहिवास विभागात चालणाऱ्या सेवा उद्योगांचा तक्ता दिलेला आहे. किती अश्वशक्ती, किती कामगार, किती जागा, हे धंद्यानुसार लिहिलंय. बेकरी त्यात बसते, पण इंधन वीज, गॅस किंवा धूर न होणारा कोळसा असावं, अशी अट आहे. ती ओळ वाचली आणि जीव भांड्यात पडला. आता वासाचा पुरावा देत बसायचं कारण नव्हतं. भट्टीपाशी रचलेल्या प्लायच्या ढिगाचा फोटो पुरेसा होता.

अर्ज दोन ठिकाणी दिले. पहिला महापालिकेकडे, जागेचा वापर अटींविरुद्ध चालू आहे म्हणून. त्याला आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चा. दुसरा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीतल्या उपप्रादेशिक कार्यालयात, 1981 च्या हवा कायद्याखाली. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा सुधारायची आहे, त्यांत सांगलीचं नाव आहे, हेही मुद्दाम लिहिलं. तारीख-वेळेसह फोटो, झोन दाखला आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. तो शिक्का नसेल तर पुढे कुणी उभं करत नाही.

खरं अवघड काम सह्यांचं होतं. बेकरीत निम्म्या गल्लीची उधारी आणि मालक सगळ्यांच्या लग्नाकार्यात पुढे. तो स्वतः घरी आला. "वहिनी, पोटावर पाय देऊ नका," म्हणाला. माझ्याही पोटात कालवलं. त्याला अर्ज वाचून दाखवला. त्यात बेकरी बंद करा असं कुठेच नव्हतं, भट्टी गॅसवर घ्या एवढंच होतं. ते त्याने चार जणांत सांगितलं आणि मग सह्या आपसूक आल्या.

पाहणी झाली, पंचनामा झाला. पंचनाम्यात "प्लायवूडचे तुकडे" हे शब्द येतील याकडे मी डोळ्यांत तेल घालून लक्ष दिलं. नुसतं "लाकूड" लिहिलं असतं तर मुद्दा पातळ झाला असता. नोटीस निघाली. मालकाने थोडी मुदत मागितली, आम्हीही हरकत घेतली नाही. नवी भट्टी काही स्वस्त नसते.

आता भट्टी गॅसवर आहे. माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून मंडळाने बेकरी चालवायला दिलेल्या संमतीपत्राची प्रत काढून घेतली. त्यात इंधन म्हणून गॅसच लिहिलाय. संमतीपत्राला मुदत असते. ती संपण्याची तारीख मी झोन दाखल्याच्या फाइलवर लाल शाईने लिहून ठेवली आहे.