घग्गरकाठची माती धुताना

पुरातत्त्वाच्या एम.ए.ला असताना एका हिवाळ्यात राजस्थानात, घग्गर नदीकाठच्या थेडावर उत्खननाला गेलो. हनुमानगडकडे जुन्या वस्तीच्या टेकाडाला थेड म्हणतात. मणी, मुद्रा असलं काहीतरी हाती लागेल अशी आशा होती. हातात आली बादली आणि चाळणी.

चुलीतली, राखेच्या खड्ड्यातली माती 20 लिटर मोजून घ्यायची आणि पाण्यात हलक्या हाताने ढवळायची. माती तळाला बसते, कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. वरचं पाणी बारीक चाळणीवर ओतायचं, राहील ते मलमलच्या फडक्यात बांधून सावलीत वाळवायचं. उन्हात दाणे तडकतात, हे दोन पुरचुंड्या वाया घालवल्यावर कळलं. पाणी टँकरचं. नदी शेजारी, पण कोरडी ठाक!

खरी फजिती पुढेच झाली. पुरचुंड्यांतल्या चिठ्ठ्या मी जेलपेनने लिहिल्या होत्या. ओलीने शाई फुटली आणि 11 नमुने बेवारस झाले. सर ओरडले नाहीत, नुसती शिसपेन्सिल पुढे केली. ते जास्त लागलं.

सुट्टीच्या दिवशी कालीबंगनला, घग्गरकाठच्याच हडप्पा संस्कृतीच्या स्थळावर गेलो. ब्रजबासी लाल आणि बी. के. थापर यांच्या 1960 ते 1969च्या उत्खननात तिथे हडप्पापूर्व काळातलं नांगरलेलं शेत सापडलं. नांगराचे तास, म्हणजे सऱ्या, एकमेकांना काटकोनात: एका दिशेचे सुमारे 30 सेंटीमीटरवर, दुसऱ्या दिशेचे 1.90 मीटरवर. म्हणजे एकाच शेतात दोन पिकं. शेत आता दिसत नाही, जपण्यासाठी पुन्हा बुजवलंय. तरी तिथे बराच वेळ रेंगाळलो.

पुण्यात परतल्यावर चार महिने सूक्ष्मदर्शकाला डोळा. सातू दोन्ही टोकांना निमुळता, गहू गुबगुबीत. पण जळून फुगल्यावर दोघंही सोंगं घेतात. दोन्ही रब्बीची पिकं. वाळवंटाच्या कडेला हिवाळी पाऊस जेमतेम, मग ओल कुठली? मला आजोबा आठवले. उजनीचं पाणी उतरलं की ते गाळपेर जमिनीत हरभरा टाकायचे, वरून थेंब नसला तरी पीक यायचं. पावसाळ्यात घग्गरला पूर येऊन ओसरला की इथेही तसंच पेरत असावेत, असं मी प्रबंधिकेत लिहिलं. सरांनी समासात ‘पुरावा?’ एवढंच लिहिलं.

पुरावा कदाचित त्या 11 पुरचुंड्यांत असेल. त्या अजून कपाटात आहेत. एकीत तर सातू मूठभर निघाला, पण तो कुठल्या थरातला, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.