मराठी संकेतस्थळाची सुगम्यता तपासताना माउस बाजूला ठेवावा

सोलापुरातील चादर-टॉवेलचे कारखानदार, शेंगाचटणीचे विक्रेते, शिकवणीवर्ग, रुग्णालये आणि पतसंस्था यांपैकी अनेकांची आता स्वतःची संकेतस्थळे आहेत. ती मोबाईलवर नीट दिसतात का, फोटो लवकर उघडतात का, हे मालक आवर्जून तपासून घेतात. डोळ्यांनी न दिसणाऱ्या, माउस धरता न येणाऱ्या किंवा ऐकू न येणाऱ्या ग्राहकाला तेथून एक चादर मागवता येईल का, म्हणजेच संकेतस्थळ सुगम्य आहे का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. संकेतस्थळे तपासण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी सोलापुरात राहून करते. या कामातून माझे ठाम मत झाले आहे की, स्वयंचलित साधनाने दिलेले गुण म्हणजे तपासणी नव्हे, आणि मराठी संकेतस्थळाच्या बाबतीत तर ती मुळीच नव्हे.

लाइटहाउस, वेव्ह, अ‍ॅक्स ही दोष आपोआप शोधणारी साधने उपयुक्त आहेत आणि मीही सुरुवात त्यांच्यापासूनच करते. चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राचे शब्दांतले वर्णन, दिलेला नाही, रकान्याला नाव नाही, असे दोष ती झटकन दाखवतात. पण पर्यायी मजकूर म्हणून कोणी नुसते ‘फोटो’ एवढेच लिहिले, तरी साधनाचे समाधान होते. अलीकडे तपासलेल्या चादरींच्या एका दुकानात प्रत्येक चित्राला ‘सोलापुरी चादर’ हाच मजकूर दिलेला होता. साधनाच्या लेखी सगळे ठाकठीक होते, पण स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर, ऐकताना तेच दोन शब्द पानभर पुन्हापुन्हा कानावर येत राहिले आणि एक चादर दुसरीपासून वेगळी ओळखण्याचा मार्गच उरला नाही. आम्ही तेथे ‘गडद निळ्या रंगावर पांढऱ्या मोरांची नक्षी, लाल काठ, डबल बेड’ अशा धर्तीचे वर्णन लिहिले. दृष्टिहीन माणसाला रंग सांगून काय उपयोग, असा प्रश्न मला विचारला जातो. चादर लेकीच्या रुखवतात द्यायची असते, पाहुण्यांसाठी अंथरायची असते. रंग त्यालाही जाणून घ्यायचाच असतो.

साधनांचा अहवाल पाहून झाला की मी माउस बाजूला ठेवते आणि केवळ कीबोर्डवर खरेदी पूर्ण करून पाहते. टॅब दाबत पुढे जायचे, शिफ्ट-टॅबने मागे यायचे, एंटरने निवडायचे. आपण या क्षणी कोठे आहोत हे दाखवणारी चौकट पडद्यावर दिसलीच पाहिजे. ‘बरी दिसत नाही’ म्हणून ती काढून टाकण्याची खोड अनेक डिझायनरांना असते. नग वाढवण्याचे अधिक-उणे चिन्ह पुष्कळदा खरे बटण नसतेच, बटणासारखा रंगवलेला चौकोन असतो, आणि टॅब त्याला वळसा घालून पुढे निघून जातो. कोपऱ्यात तरंगणारे व्हॉट्सअ‍ॅपचे हिरवे चिन्ह नेमके ‘ऑर्डर द्या’ या बटणावर येऊन बसते. हे दोष कोडच्या दोन-चार ओळींत दूर होतात. ज्या डेव्हलपरना मी ते समोर बसवून दाखवले, त्यांनी ते तेथल्या तेथे दुरुस्त केले.

त्यानंतरचा टप्पा ऐकण्याचा. विंडोजवर चालणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे, आणि बहुतेक अँड्रॉइड फोनांत टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतोच. त्यामुळे खर्चाची सबब येथे चालत नाही. मराठीचे खरे प्रश्न याच टप्प्यावर उघडे पडतात. पानाची भाषा कोणती, हे सांगणारी एक छोटी नोंद एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मूळ कोडमध्ये, असते. आयता इंग्रजी साचा घेऊन त्यात मराठी मजकूर भरला की ती नोंद इंग्रजीचीच राहून जाते. मग इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर गाळतो किंवा भलत्याच उच्चारांत वाचतो. नोंद हिंदीची असेल तर मजकूर कानावर येतो, पण ‘चमचा’तला च मराठी राहत नाही. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड भाषिक ग्राहक मोठ्या संख्येने असल्याने एकाच पानावर तीन लिप्या आढळतात. अशा वेळी त्या-त्या तुकड्याला त्याची भाषा नोंदवणे आवश्यक असते, आणि आंतरराष्ट्रीय निकषांचीही तशी स्पष्ट अपेक्षा आहे.

याहून अवघड दुखणे जुन्या फॉन्टचे. डीटीपीच्या (संगणकावर छपाईची पाने जुळवण्याच्या) काळातील कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, परंतु त्याच्या पोटात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या पदरी निव्वळ गोंगाट पडतो. असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, आणण्याला पर्याय नाही. शोधयंत्रालाही तो तेव्हाच सापडतो, हे सांगितले की व्यापारी लगेच तयार होतात. पीडीएफची तऱ्हा वेगळी. शिक्का मारून, सही करून, स्कॅन करून चढवलेली सूचना म्हणजे कागदाचा फोटो असतो, त्यात वाचण्याजोगे एकही अक्षर नसते. युनिकोडमध्ये टंकलेल्या पीडीएफमध्येही ऱ्हस्व वेलांटी कधीकधी जागा सोडते आणि ‘किंमत’ शब्दाची मोडतोड होते. म्हणून माझा आग्रह असतो की शिक्क्याची प्रत हवी तर ठेवावी, पण तोच मजकूर साध्या वेबपानावर टंकून द्यावा. टेसरॅक्टसारखी मोफत प्रणाली स्कॅनमधील मराठी ओळखते. मात्र रक्कम आणि तारखा माणसानेच ताडून पाहिल्या पाहिजेत.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत किंवा दिवाळीत जाहीर होणाऱ्या सवलतींचेही असेच होते. सगळी माहिती एका रंगीत पोस्टरवर असते आणि पोस्टर हे चित्र असते. माझ्या ओळखीचे एक दृष्टिहीन संगीत शिक्षक माझ्यासोबत संकेतस्थळे तपासतात, त्या कामाचे रीतसर मानधन घेतात. ते एकदा म्हणाले, “ताई, चादर सिंगल की डबल हे फोटोवरच लिहिलंय म्हणता, पण माझ्यापर्यंत ते आलंच नाही.” त्या संकेतस्थळाच्या पैसे भरण्याच्या पानावर केवळ क्यूआर कोड होता. ज्या फोनवर तो कोड उघडला आहे, त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो कसा टिपणार? आम्ही तेथे थेट यूपीआय अ‍ॅप उघडणारे बटण दिले. ओटीपीच्या रकान्यात पेस्ट करण्यावरची बंदी उठवली आणि मुदत वाढवून मागण्याची सोय केली.

रंगसंगतीचा निकष मोजमापाचा असल्याने त्यात वादाला जागा नाही. वेब कंटेंट अ‍ॅक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स या आंतरराष्ट्रीय निकषांच्या डबल-ए या मधल्या स्तरावर नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांतील तफावत किमान ४.५:१ असावी लागते. मराठी संकेतस्थळांवर आवडीने वापरल्या जाणाऱ्या फिकट केशरी पट्टीवर पांढरी अक्षरे ठेवली तर ही तफावत जेमतेम २:१च्या आसपास भरते. अक्षरे दुप्पट मोठी करूनही पान वापरता आले पाहिजे. त्या वेळी ओळींमधील अंतर अपुरे असेल तर देवनागरीतल्या वरच्या मात्रा आणि खालचे उकार छाटले जातात, म्हणून ते अंतर सैलच ठेवावे. व्हिडिओतील बोलणे पडद्यावर मराठीत लिहून दाखवावे, हे वेगळे सांगायला नको.

हे सारे ऐच्छिक दयाबुद्धीचे काम आहे, असा समज अजून कायम आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात सेवा देणाऱ्या सरकारी आणि खासगी, अशा दोन्ही संस्थांवर सुगम्यतेची जबाबदारी आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारकच असले पाहिजेत, असे स्पष्ट केले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला. तो खटला ऑनलाइन केवायसीतल्या, म्हणजे ग्राहकाच्या ओळखीच्या पडताळणीतल्या, अडथळ्यांचा होता.

दुरुस्तीचा सोपा मार्ग म्हणून अक्षरे लहान-मोठी करणारी आणि रंग पालटणारी आयती पट्टी विकत घेतली जाते. ती घेऊ नये, असेच मी सांगते. नसलेला पर्यायी मजकूर ती भरवशाने लिहू शकत नाही, खोट्या बटणाचे खरे बटण करत नाही आणि काही वेळा स्क्रीन रीडरच्याच आड येते. तो पैसा सामग्री भरणाऱ्या माणसाला शिकवण्यावर खर्च करावा, कारण संकेतस्थळ एकदा दुरुस्त केले तरी दुकानातला मुलगा रोज नवे फोटो चढवतच असतो. चादरींच्या त्या दुकानात आम्ही माल चढवण्याच्या फॉर्ममध्येच ‘वर्णन’ हा रकाना सक्तीचा केला. त्याशेजारी चांगल्या वर्णनाचे दोन नमुने ठेवले आणि तो रकाना रिकामा असेपर्यंत फोटो प्रसिद्ध होणार नाही, अशी तजवीज केली.